अंगणातला बर्फ कसा काढावा?

स्मरणिकेसाठी काहीतरी उपयुक्त लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आम्ही विषय सांगितला तेव्हा मंडळातील मंडळी हसली. नाशिकरोडला बर्फ पडतो कुठे? आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, नाही तर मे महिन्यात गोळेवाल्याच्या गाडीवरचा किस. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा खाली उतरला की द्राक्ष बागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात, दवबिंदू गोठल्याची बातमी पेपरात येते आणि आपण जेलरोडला कानटोपी चढवून चहाच्या टपरीवर उभे राहतो. थंडीशी आपली ओळख तेवढीच. सैन्यात असलेल्या आपल्या मुलांनी लडाख-सियाचीनला बर्फ पाहिलेला असतो, पण सुट्टीवर आल्यावर ती त्याविषयी फार बोलत नाहीत.

तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. आमच्या एका गल्लीतूनच चार घरांतील मुले-मुली आज अमेरिका व कॅनडात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने आईवडील सहा-सहा महिने जाऊन राहतात. जाताना लोणची, मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा असे सर्व काही आठवणीने बांधले जाते. बर्फाविषयी मात्र कोणी चार शब्द सांगत नाही. आम्हालाही कोणी सांगितले नव्हते, आणि त्याची किंमत आमच्या सासऱ्यांना मोजावी लागली. ती हकीकत पुढे ओघाने येईलच.

सन २०१९ च्या जानेवारीत आम्ही उभयता सासू-सासऱ्यांना घेऊन शिकागोजवळ नेपरव्हिल या गावी आमच्या मेहुणीकडे गेलो होतो. सासू-सासरे सहा महिने राहणार होते. आमची मजल बँकेच्या रजेएवढीच, म्हणजे तीन आठवड्यांची. शिकागो हे शहर मिशिगन सरोवराच्या काठी आहे. तेथे हिवाळ्यात सरासरी ३६ ते ३८ इंच बर्फ पडतो. हा आकडा पावसासारखा एकदम डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून असे समजा की हिवाळाभराचा बर्फ एकावर एक साठून राहिला तर माणूस कंबरेच्या जवळपास बुडेल. अर्थात तो एकदम पडत नाही. कधी दोन इंच, कधी सहा, आणि एखाद्या वर्षी एका तडाख्यात वीस इंच. सन १९६७ च्या जानेवारीत शिकागोत एकाच वादळात २३ इंच पडला होता, त्याची आठवण जुनी माणसे अजून काढतात.

तिकडची बैठी घरे पाहिली की मागे किंवा बाजूला गाडीचे गॅरेज असते आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंत फरसबंद किंवा डांबरी वाट असते. तिला ड्राइव्ह-वे म्हणतात. दाराच्या पायऱ्यांपासून या वाटेपर्यंत एक पायवाट आणि घरासमोर रस्त्याकडेने सर्वांसाठी पदपथ. रस्त्यावरचा बर्फ नगरपालिकेचे नांगर लावलेले ट्रक काढतात, पण घराची वाट ही घरवाल्याची जबाबदारी, आणि बहुतेक शहरांत दारापुढचा पदपथसुद्धा. खुद्द शिकागो शहराचा नियम असा की, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात पडलेला बर्फ त्याच रात्री १० पर्यंत काढावा, आणि रात्री पडलेला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत. पदपथ किमान ५ फूट रुंद मोकळा हवा आणि काढलेला बर्फ रस्त्यात लोटायचा नाही. बोस्टनला तर बर्फ थांबल्यापासून अवघ्या ३ तासांची मुदत आहे. आपल्याकडे दारापुढची गटार तुंबली तर आपण नगरसेवकाला फोन करतो. तिकडे नगरसेवकाची माणसेच आपल्याला नोटीस देतात.

म्हणून नगरपालिकेवर लोकांचा राग नसतो असे मात्र नाही. सन १९७९ च्या जानेवारीत शिकागोला मोठे हिमवादळ झाले, रस्ते वेळेवर मोकळे झाले नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकेल बिलँडिक हे जेन बर्न या बाईंकडून हरले. पुढे याच बाई शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. खड्ड्यांवरून आपल्याकडे असे काही घडल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बर्फ पडताना पाहिला की तो कापसासारखा, पिंजलेल्या रुईसारखा दिसतो. तळहातावर घेतला तर वजन म्हणून लागत नाही. इथेच आपल्याकडील माणूस फसतो. आम्ही बँकेतले कारकून, आम्हाला हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. साडूंची वाट २० फूट रुंद व ३० फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फूट. तिच्यावर ६ इंच बर्फ पडला तर ३०० घनफूट झाला. ताजा कोरडा बर्फ घनफुटाला सुमारे ३ किलो भरतो, म्हणजे ९०० किलो. सिमेंटच्या ५० किलोच्या गोण्या धरल्या तर १८ गोण्या. पण हवा शून्य अंशाच्या आसपास असेल तर बर्फ ओला पडतो, आणि ओला किंवा दबलेला बर्फ घनफुटाला सहज ८ किलो भरतो. मग तेच अंगण २,४०० किलोंचे होते. गोण्या ४८! एका फावड्यात ५ किलो धरले तर ४८० वेळा वाकायचे, उचलायचे आणि फेकायचे. हे काम साठी उलटलेल्या माणसाने, मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना, पहाटे उपाशीपोटी करायचे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

आमच्या सासऱ्यांनी (आम्ही त्यांना मामा म्हणतो) तेच केले. मामा प्रेसमध्ये मशीनवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यावेळी वय ६७. आयते बसून खाणे त्यांना जन्मात जमले नाही. मेहुणीला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. २८ जानेवारीचा सोमवार. आदल्या रात्रीपासून बर्फ पडत होता. साडूंना सकाळी साडेसहाला निघायचे होते, तत्पूर्वी वाट मोकळी करून जावयाला चकित करावे, या हेतूने मामा पाच वाजता उठले. अंगात दोन स्वेटर, वर साडूंचा कोट, आणि हाती गॅरेजमधले सर्वांत मोठे फावडे. आधी त्यांनी दारापासून रस्त्यापर्यंतची पायवाट काढली आणि मग गाडीच्या वाटेला हात घातला. वीस-पंचवीस मिनिटांनी सासूबाई बाळाचे पाणी तापवायला उठल्या, त्यांना खिडकीतून मामा बर्फाच्या ढिगावर बसलेले दिसले. आम्ही धावत गेलो. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. डावा जबडा दुखतो म्हणाले, पण वर "गॅस झाला असेल, जरा ओवा द्या" हेही म्हणाले. साडूंनी ओवा दिला नाही, ९११ ला फोन केला. दहा मिनिटांच्या आत रुग्णवाहिका आली. गाडीच्या वाटेवर अजून बर्फ तसाच होता. स्ट्रेचर आत आले ते मामांनी स्वतः मोकळ्या केलेल्या पायवाटेने.

हृदयाची एक रक्तवाहिनी बंद होत आली होती. त्याच दिवशी स्टेंट बसवला आणि मामा वाचले. आजही जयभीम घालायला सकाळी आमच्या दारात उभे राहतात. बिलाचा आकडा येथे देत नाही. निघण्यापूर्वी आम्ही प्रवासी विमा घेतला होता, पण आधीपासून असलेल्या आजाराच्या कलमावर बोट ठेवून कंपनीने बराच भाग नाकारला. उरलेले पैसे साडू हप्त्याने फेडत राहिले. बँकेत रोज लोकांना अटी वाचून सही करा म्हणून सांगणारे आम्ही, त्या कागदाच्या मागची बाजू आम्हीच वाचली नव्हती.

बर्फ आणि हृदय यांचा संबंध काय, हे तेथील डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. थंडीने अंगातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो. चालण्या-धावण्यात पायांचे मोठे स्नायू काम करतात आणि रक्त फिरते राहते. फावडे मारताना मात्र पाय जवळजवळ स्थिर आणि भार सगळा हातांवर. हातांच्या कामाने हृदयावर ताण अधिक पडतो. त्यात जड फावडे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, म्हणजे दाब आणखी वर. सन १९९५ मध्ये अमेरिकेत दहा निरोगी तरुणांना ओला बर्फ उपसायला लावून पाहणी केली, तेव्हा अवघ्या दोन मिनिटांत त्यांच्या नाडीचे ठोके व्यायामासाठी सांगितलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे गेले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ ते २०१४ या काळातील नोंदी तपासल्या असता, २० सेंटिमीटर बर्फ पडल्यानंतर पुरुषांमध्ये हृदयविकाराने मृत्यूची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. बायकांमध्ये तशी वाढ दिसली नाही. फावडे घेऊन बाहेर जाणारे बहुधा पुरुषच, असे त्याचे कारण सांगतात. त्या विषयातील जाणकार पंचेचाळिशीनंतर हे काम शक्यतो दुसऱ्याला सांगा म्हणतात. म्हणजे आता आमचाही नंबर लागला.

मामा दवाखान्यात, साडू दवाखाना आणि नोकरी यांच्या मध्ये, मेहुणी ओली बाळंतीण. त्यामुळे अंगणाचे काम आमच्याकडे आले. शेजारी पोलिश वंशाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. टपाल खात्यातून निवृत्त. चाळीस हिवाळे बर्फातून घरोघर टपाल वाटलेला माणूस. आम्ही दारात फावडे घेऊन बर्फाशी कुस्ती खेळतो आहोत हे पाहून ते कुंपणाशी आले आणि हातवारे करून म्हणाले, "उचलू नका, ढकला." आमचे इंग्रजी कागदावरचे, त्यांचे चावलेले, पण या कामाची भाषा हातांचीच असते. पुढील बहुतेक माहिती त्यांचीच आहे.

फावडी दोन प्रकारची ठेवावीत. एक रुंद, किंचित वळलेल्या पात्याचे, ढकलण्यासाठी. दुसरे लहान, उचलण्यासाठी. मामांनी घेतलेले रुंद फावडे उचलण्याचे नव्हतेच. त्यात भरभरून बर्फ येतो आणि माणूस ते उचलू पाहतो. दांडा आपल्या छातीइतका उंच असावा, म्हणजे कंबरेत वाकावे लागत नाही. पात्याला आतून मेणबत्ती घासावी किंवा खाण्याच्या तेलाचा हात फिरवावा, मग बर्फ चिकटत नाही. ही युक्ती सासूबाईंना फार पटली. वड्या थापताना ताटाला तूप लावतो तसेच, म्हणाल्या.

वाटेच्या मधोमध आधी एक पट्टा सरळ ढकलत न्यावा, मग मधून दोन्ही कडांकडे ढकलत जावे. असे केले म्हणजे प्रत्येक फेरीचे अंतर निम्मे होते. कडेला पोचल्यावर जेवढा उचलावा लागेल तेवढाच लहान फावड्याने, तोही अर्धे फावडे भरून. उचलताना गुडघ्यात वाकावे, फावडे अंगाजवळ धरावे, आणि फेकायचे त्या दिशेला पाय वळवून उभे राहावे. कंबर पिळून खांद्यावरून मागे फेकणे हे पाठीचे दुखणे विकत घेणे होय. वारा असेल तर वाऱ्याच्या दिशेने टाकावे, नाही तर तोच बर्फ तोंडावर येतो. पहिल्या दिवशी आम्ही तो पुरेसा खाल्ला.

बर्फ थांबेपर्यंत वाट पाहू नये. आपण आभाळ निवळल्यावर चिखल उपसतो, ती सवय येथे कामाची नाही. दोन-तीन इंच साचला की एकदा ढकलून यावे, घरात येऊन चहा प्यावा, परत दोन-तीन इंचांनी पुन्हा जावे. एकूण बर्फ तेवढाच, परंतु प्रत्येक वेळी तो हलका आणि न दबलेला असतो. दुसरे असे की त्यावरून गाडी नेण्यापूर्वी काढावा. गाडीच्या चाकाखाली दबलेला बर्फ फरशीला असा बसतो की मग पहार लागते.

ढीग कोठे घालावा याला आपण महत्त्व देत नाही, पण म्हाताऱ्या टपालबाबूंच्या मते निम्मे शहाणपण त्यातच आहे. पहिल्या बर्फाच्या वेळी ढीग वाटेपासून लांब घालावा, कारण हिवाळा मोठा असतो आणि पुढच्या बर्फाला जागा लागते. घराच्या भिंतीला लावू नये, वितळल्यावर पाणी तळघरात उतरते. वाटेच्या वरच्या अंगाला घालू नये, दिवसा उन्हाने ढीग पाझरतो, पाणी वाटेवर येते आणि रात्री त्याची काच होते. वळणावर माणसापेक्षा उंच ढीग नको, गाडी बाहेर काढताना पदपथावरचे पोर दिसत नाही. आणि घरासमोर आग विझवण्याच्या पाण्याचा लाल नळ असेल तर त्याच्याभोवती तीन-एक फूट जागा मोकळी करावी. आग लागली की बंबवाल्यांनी बर्फात नळ शोधत बसावे काय?

आता सर्वांत संतापजनक प्रकार. तुम्ही दोन तास खपून वाट स्वच्छ करता, घरात येऊन बूट काढता, तोच नगरपालिकेचा नांगर येतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला लोटत तुमच्या वाटेच्या तोंडाशी दीड फूट उंचीचा बांध घालून जातो. हा बर्फ दबलेला, मीठ-मातीने भरलेला, दगडासारखा. पहिल्या वेळी आम्ही मराठीत जे बोललो ते येथे छापता येणार नाही. त्यावर टपालबाबूंचा तोडगा असा. रस्त्याकडे तोंड करून आपल्या वाटेत उभे राहा. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून आपल्या जवळच्या कडेने नांगर डावीकडून उजवीकडे जातो. तेव्हा आपल्या वाटेच्या तोंडाचा बर्फ नेहमी उजव्या हाताला टाकावा, आणि डाव्या हाताला रस्त्याकडेने आठ-दहा फूट लांबीचा खण मोकळा करून ठेवावा. नांगराच्या पात्यापुढचा बर्फ त्या खणात रिकामा होतो आणि वाटेच्या तोंडाशी बांध लहान पडतो. आम्ही करून पाहिले. बांध पूर्ण टळला नाही, पण वीतभर राहिला. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी हे उलट वाचावे. अर्थात ऑस्ट्रेलियातल्या बहुतेकांना त्याची गरजच पडणार नाही.

यंत्राविषयी थोडेसे. पेट्रोलवर किंवा विजेवर चालणारे बर्फफेके यंत्र मिळते. पुढच्या तोंडात फिरणारे मळसूत्र बर्फ गोळा करते आणि नळीतून लांब फेकते. कॅनडातील आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली असे पहिले यंत्र बनवले. काम झटपट होते, पण ओला बर्फ नळीत अडकतो आणि माणूस तो हाताने काढायला जातो. यंत्र बंद असले तरी मळसूत्रात पीळ शिल्लक राहू शकतो, अडथळा निघाला की ते झटका देऊन फिरते. दरवर्षी तिकडे लोकांची बोटे अशी जातात. यंत्राबरोबर मिळणारी काठी वापरावी, हात कधीही घालू नये. आमच्या साडूंकडे ते यंत्र नव्हते, आणि आता त्यांनी घेतले आहे.

मिठाची गोष्ट मात्र आपल्याला चटकन कळेल अशी आहे. कुल्फीवाला मडक्यात बर्फाबरोबर खडेमीठ टाकतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. मीठ लागले की बर्फ शून्याखालीही वितळतो, त्या खारट पाण्याचे तपमान शून्याखाली उतरते आणि त्या गारव्याने कुल्फी धरते. हाच गुण रस्त्यावर वापरतात. मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून फरशीवर मीठ टाकले की बर्फाचा पातळ थर सुटतो. परंतु मीठ हे फावड्याच्या ऐवजी नाही, फावड्यानंतर आहे. सहा इंच बर्फावर मीठ ओतणे म्हणजे मीठही गेले आणि बर्फही राहिला. आधी ढकलून काढावा, उरलेल्या थरावर मीठ विरळ भुरभुरावे. बर्फ पडण्याच्या आधी टाकले तर तो फरशीला चिकटतच नाही आणि मीठ कमी लागते. किती टाकावे? चहाचा एक मोठा मग भरून मीठ वीस फूट लांबीच्या वाटेला पुरते, असा तिकडचा ठोकताळा आहे. आम्ही पहिल्यांदा अर्धी बादली टाकली होती. हे मीठ वितळून नदी-तळ्यांत जाते आणि पाण्यातून पुन्हा बाहेर काढता येत नाही. क्षारपड जमिनीत द्राक्षाचे काय होते ते आपल्या भागात सांगायला नको. नवीन सिमेंटच्या फरशीवरही मीठ टाकू नये, तिचे पोपडे निघतात.

आणि साध्या मिठाची ताकद मर्यादित असते. प्रयोगशाळेत ते उणे २१ अंशांपर्यंत काम करते, पण प्रत्यक्ष फरशीवर उणे ९-१० च्या खाली त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. हे आम्हाला कळले ते ३० जानेवारी २०१९ रोजी. त्या दिवशी शिकागोच्या ओहेर विमानतळावर पारा उणे ३१ अंशांच्या आसपास गेला. उत्तर ध्रुवाकडची हवा खाली सरकली होती. इलिनॉय राज्यात टपालवाटप बंद ठेवले होते, त्यामुळे टपालबाबू दिवसभर अस्वस्थ होते. रेल्वेवाल्यांनी रूळ बदलायच्या सांध्यांपाशी गॅसच्या ज्वाळा पेटवल्या होत्या. टीव्हीवर ते दृश्य पाहून आम्हाला आपल्या नाशिकरोड स्टेशनच्या यार्डाची आठवण झाली. आमच्या पायऱ्यांवर टाकलेले मीठ मात्र वाळूसारखे कोरडे पडून होते. अशा थंडीत कॅल्शियम क्लोराइडचे खडे वापरतात. पाण्याशी मिळताना त्यातून उष्णता निघते आणि ते आणखी वीसेक अंश खालपर्यंत चालते. महाग असते, म्हणून फक्त पायऱ्यांपुरते. तेही नसेल तर सरळ वाळू टाकावी. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय धरतो.

याच दिवसांत आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या पद्धतीने पायऱ्या साफ करायचे ठरवले आणि उकळत्या पाण्याची बादली ओतली. बर्फ क्षणात गेला, पायऱ्या चकचकीत झाल्या. ती चकाकी म्हणजे काचेसारखा गोठलेला पापुद्रा आहे, हे पाच मिनिटांनी आम्ही पायरीवर बसूनच तळाशी पोचलो तेव्हा समजले. सुदैवाने कोट जाड होता. असा पारदर्शक थर काळ्या डांबरावर तर दिसतच नाही, ओल आहे असे वाटते. त्यावर पेंग्विनसारखे चालावे, म्हणजे आखूड पावले, पाय सपाट, गुडघे किंचित वाकलेले आणि हात खिशाबाहेर.

आणखी दोन गोष्टी, ज्यांच्यात फावड्याचा संबंध थोडा आणि जिवाचा फार. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर भिंतीतल्या नळीने बाहेर जातो. ती नळी बर्फाने बुजली तर विषारी वायू घरात कोंडतो. तसेच गाडी बर्फात असताना आधी मागचा धुराडा मोकळा करावा, मगच इंजिन चालू करावे. बाहेर आपण बर्फ काढतो आहोत आणि आत गरम हवेत लेकरे बसली आहेत, यातून मृत्यू झालेले आहेत. या वायूला वास नसतो.

कपडे एकावर एक तीन घालावेत, आतला सुती नको, तो घामाने भिजतो आणि अंग गार पडते. काम सुरू करण्यापूर्वी घरातच पाच-दहा मिनिटे हातपाय हलवावेत. पोटभर जेवून किंवा विडी-सिगारेट ओढून जाऊ नये. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबावे. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखले किंवा थंडीत घाम आला, तर ओवा मागू नये, फोन करायला सांगावे. आणि ज्याला मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वीचा हृदयविकार आहे त्याने फावड्याला हात लावू नये. शेजारची शाळकरी पोरे पैसे घेऊन हे काम करतात, त्यात कमीपणा नाही. मामांना हे पटवणे डॉक्टरांपेक्षा आम्हाला अवघड गेले. जावयाच्या घरी परक्या पोराला पैसे द्यायचे आणि आपण खिडकीत बसायचे, हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हते. शेवटी सासूबाईंनीच सांगितले, "नातवाला मांडीवर घ्या, तेही वजन उचलणंच आहे."

आम्ही परत निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा चार इंच पडला. आम्ही मधून कडांकडे ढकलत गेलो, डाव्या हाताचा खण केला, पायऱ्यांवर मूठभर मीठ टाकले. खाली जो पातळ पांढरा थर उरला तो खरवडत बसलो नाही. ऊन पडले की काळे डांबर तापते आणि तो थर आपोआप जातो, असे टपालबाबूंनी सांगितले होते. मामा खिडकीत नातवाला घेऊन उभे होते आणि काचेवर बोट ठोकून पदपथाचा एक कोपरा राहिल्याचे दाखवीत होते. तो काढूनच आम्ही आत गेलो.